जुन्या गाण्यांचा ग्रुप : रचना, कार्य आणि उपद्रव

जी गाणी सर्वांना पाठ आहेत ती एकमेकांना रोज नव्याने पाठवण्यासाठी व्हॉट्सॲपवर स्थापन झालेल्या संस्थेस जुन्या गाण्यांचा ग्रुप म्हणतात. तिच्या नावात स्वर, सूर, गंध, अमृत आणि सुवर्ण यांपैकी निदान दोन शब्द असावे लागतात. बोधचित्र म्हणून कर्ण्याचा ग्रामोफोन लावतात; बहुसंख्य सदस्यांनी तो प्रत्यक्षात एखाद्या हॉटेलच्या सजावटीतच पाहिलेला असतो. सदस्य बहुधा निवृत्त किंवा निवृत्तीच्या वाटेवरचे असतात. त्यांतले काही एकमेकांना कधीच भेटलेले नसतात, तरी कोणाच्या वडिलांना कोणते नाट्यपद आवडत असे हे सर्वांना ठाऊक असते. गाणी ऐकणे हे या संस्थेचे घोषित उद्दिष्ट आहे.

संस्थेचे मूळ सरकारी धोरणात सापडते. डॉ. बा. वि. केसकर 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर गंडांतर आले. श्रोत्यांची अभिरुची सुधारावी, त्यांनी शास्त्रीय संगीत ऐकावे, असा मंत्रिमहोदयांचा हेतू होता. श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. त्याच वर्षीच्या 3 डिसेंबरला रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज घराघरात पोहोचू लागला. शेवटी सरकारलाच 3 ऑक्टोबर 1957 रोजी 'विविध भारती' काढावी लागली. आज ग्रुपवर ज्यांना 'संगीताचा सुवर्णकाळ' म्हणतात, ती हीच वर्षे. तेव्हाच्या जाणकारांच्या लेखी हीच गाणी तरुण पिढी बिघडवत होती. ग्रुपवर हा इतिहास कोणी काढत नाही, कारण तो काढला की 'हल्लीच्या गाण्यांत काही राम उरला नाही' हे वाक्य म्हणायला जरा जड जाते.

रेडिओने आणखी एक सवय लावली, ती फर्माईशीची. अभ्रकाच्या खाणींचे गाव झुमरीतलैया (तेव्हा बिहारात, आता झारखंडात) साऱ्या देशाला माहीत झाले ते तिथल्या श्रोत्यांनी पाठवलेल्या पोस्टकार्डांमुळे. फर्माईश पाठवणाऱ्याला गाणे हवे असेच, पण त्याआधी निवेदकाने आपले नाव घ्यावे, जमल्यास पत्नीचे, मुलांचे आणि समस्त मित्रमंडळींचेही घ्यावे, हे त्याला अधिक हवे असे. गाणे शेजारच्या रेडिओवरही लागणारच होते. आजच्या ग्रुपने रेडिओकडून वारसा घेतला तो याच गोष्टीचा. एखादे गाणे सकाळी एकाने पाठवले असले तरी दुपारी दुसरा तेच पाठवतो, कारण सकाळी त्यावर दुसऱ्याचे नाव लागलेले असते.

ऐकण्याच्या बाबतीत मात्र प्रगती झाली आहे. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे, म्हणून त्या काळच्या बहुतेक गाण्यांची लांबीही तेवढीच. ग्रुपवर असे गाणे पडले की चौथ्या सेकंदाला पहिली दाद येते. त्या वेळी फाइलवरचे डाउनलोडचे वर्तुळ अजून फिरतच असते. मग टाळ्या वाजवणाऱ्या पिवळ्या हातांची रांग, दोन नमस्कार, एक गुलाब आणि 'व्वा! दिवस सार्थकी लागला' असा एक शेरा. हा शेरा सकाळी साडेसहाला आलेला असतो.

सदस्यांमध्ये ॲडमिनचा मान पहिला असला तरी खरा दबदबा संग्राहकाचा. त्याच्या प्रत्येक फाइलीवर 'माझ्या संग्रहातून' असा शिक्का आणि 'नाव न काढता पुढे पाठवावे' अशी विनंतीवजा ताकीद असते. संग्रह यूट्यूबवरून उतरवून घेतलेला असतो. कायद्याप्रमाणे भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे 1964 पर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे आता मुक्त झाली आहेत. (शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा असतो. तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो.) ध्वनिमुद्रण सरकारने सर्वांना मोकळे केले त्याच सुमारास संग्राहकाने ते स्वतःच्या नावावर करून घेतले, ही घटना कायद्याच्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली दिसते.

त्याच्या खालोखाल रागवाला. कोणतेही गाणे आले की तो रागाचे नाव लिहितो. दुसरा रागवाला 'किंचित छटा दुसऱ्याही रागाची आहे' असे लिहून पहिल्याला घेरतो. छटा कोणत्या रागाची हे सहसा सांगत नाहीत, कारण सांगितल्यास तपासता येते. परदेशस्थ सदस्यांमुळे या शाखेत एक नवीन पेच आला आहे. न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीची पहाट, साडेपाचची. तिकडच्या काकांनी जेवण उरकून यमनमधले गाणे पाठवले की इकडे ते ऐन काकडआरतीच्या वेळेला वाजते. रागाचा समय पाठवणाऱ्याच्या घड्याळाने धरावा की ऐकणाऱ्याच्या, यावर दोन पक्ष आहेत. ऐकणारे फारसे नसल्यामुळे निकाल पाठवणाऱ्याच्या बाजूने लागण्याची शक्यता जास्त.

ग्रुपचे वर्ष जयंत्या आणि पुण्यतिथ्यांनी बांधलेले असते, आणि त्यात जुलैसारखा महिना नाही. 14 तारखेला मदन मोहन, 15 ला बालगंधर्व आणि 20 ला गीता दत्त यांची पुण्यतिथी. 22 ला मुकेशची जयंती. 25 ला सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांची जयंती आणि लगेच 29 ला त्यांची पुण्यतिथी. 31 ला मोहम्मद रफी. डोळे पुसून होतात न होतात तोच 4 ऑगस्टला किशोरकुमारचा वाढदिवस येतो आणि वातावरण एकदम खेळकर करावे लागते. एरवी संयमी असणारा सदस्यही या तीन आठवड्यांत दिवसाला दहा-बारा गाणी सहज पाठवतो. आदल्या रात्री बारा वाजून एका मिनिटाने पहिली श्रद्धांजली वाहण्याची चढाओढ असते. घाईत बाबूजींच्या जयंतीला 'विनम्र अभिवादन'ऐवजी 'भावपूर्ण श्रद्धांजली' जाते, पण चार दिवसांनी ती लागूच होणार असल्याने कोणी हरकत घेत नाही. कधी कधी ही चपळाई इतकी पुढे जाते की एखाद्या हयात कलावंतालाही श्रद्धांजली मिळते. मग 'हा मेसेज डिलीट केला' अशी करड्या अक्षरांतली ओळ तेवढी मागे उरते. तिच्या खाली आलेले सतरा नमस्कार तसेच राहतात.

रामनवमीचे प्रकरण वेगळे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 पासून, म्हणजे त्या वर्षीच्या रामनवमीपासून, दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. मध्ये अधिकमास आल्याने 52 ची 56 गीते झाली. ग्रुपवर ती छप्पनच्या छप्पन एकाच पहाटे येतात. पाठोपाठ आठवणी येतात : आमच्या घरी रेडिओला हार घालत, समोर उदबत्ती लावत, रस्ते ओस पडत. अशा गोष्टी त्या काळी खरोखर घडत. मात्र आठवण सांगणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा जन्मलेले नसतात. गीतरामायण पुढे पुन्हापुन्हा प्रसारित झाल्यामुळे त्यांना संशयाचा फायदा द्यावा लागतो. तरी एक खूण सांगून ठेवणे बरे. रेडिओवरच्या मूळ मालिकेत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे अशा अनेकांचे आवाज होते. सगळी गीते एकट्या फडक्यांच्या आवाजात आली ती नंतरच्या तबकड्यांवर. ज्याला आजोबांच्या मांडीवर बसून बाबूजींच्या आवाजात अख्खे गीतरामायण रेडिओवर ऐकल्याचे लख्ख आठवते, त्याला प्रत्यक्षात घरची कॅसेट आठवत असते. ग्रुपवर हे सांगू नये. एका ग्रुपमध्ये एका ताईंनी ते सांगितले आणि 'भावना समजून घ्या' असे त्यांना सहा जणांनी सुनावले.

ज्ञानदानाचे काम 'ओळखा पाहू' या सदराखाली चालते. सर्वांत लोकप्रिय प्रश्न : संगीतकार आनंदघन म्हणजे कोण? 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं' अशा भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना या नावाने संगीत देणाऱ्या लता मंगेशकरच होत, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत असते. प्रश्न वर्षातून चारदा येतो. चारही वेळा कोणीतरी बरोबर उत्तर देतो, त्याचे अभिनंदन होते आणि 'अरे, हे माहीतच नव्हतं!' असे तोच सदस्य लिहितो ज्याने मागच्या खेपेस प्रश्न विचारला होता.

ग्रुपची खरी प्रकृती कळते ती वादात. नमुन्यादाखल अरुण दाते यांच्या 'शुक्रतारा'चे घ्या. कविता मंगेश पाडगावकरांची, चाल श्रीनिवास खळ्यांची आणि दात्यांसोबतचा आवाज सुधा मल्होत्रांचा, ही माहिती शोधायला दहा सेकंद लागतात. ग्रुपवर गाणे येते ते 'लतादीदींचा दैवी स्वर' या मथळ्यासह. त्यापुढचा संवाद जवळजवळ ठरलेला आहे.

'सुमन कल्याणपूर आहेत त्या.'

'सुधा मल्होत्रा.'

'नाही हो सर, सुमनताईच. आमच्या लग्नात वाजलं होतं.'

'तबकडीवर नाव आहे. फोटो टाकू का?'

'कोणी का गायलेलं असेना, असं गाणं पुन्हा होणे नाही!'

'अगदी खरं. ऐका सर्वांनी.' आणि खाली तेच गाणे पुन्हा, त्याच मथळ्यासह.

मूळ पाठवणाऱ्याला जाब विचारल्यास तो म्हणतो, 'मला आलं तसं पुढे पाठवलं.' हे उत्तर ग्रुपमध्ये अंतिम मानतात. आवाजांची गल्लत हा काही गुन्हा नव्हे. लता आणि सुमन यांच्या आवाजांत भलेभले फसले आहेत, आणि तबकडीवरचे नाव हा तरी निर्विवाद पुरावा कुठे आहे? 'महल' (1949) मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. ते चित्रपटातल्या मधुबालेच्या पात्राचे नाव. पुराव्याने वाद मिटला असता तर ग्रुपला संध्याकाळी काही कामच उरले नसते.

किस्से हा यानंतरचा पदार्थ. 'बसंत बहार' (1956) मध्ये भीमसेन जोशींबरोबरच्या जुगलबंदीत मन्ना डे यांना जिंकायचे होते आणि त्या धास्तीने ते गावच सोडून जायला निघाले होते, हा किस्सा मन्नादांनी स्वतः सांगितलेला. ग्रुपवर तो दर फेरीला वाढतो. एका आवृत्तीत मन्नादा स्टेशनपर्यंत जातात, दुसरीत गाडीत बसतात, आणि कर्जतला भीमसेनजींनीच त्यांना वडापाव देऊन परत आणले अशी आवृत्ती यायला फार काळ लागेल असे वाटत नाही. खूपदा फिरलेल्या मेसेजवर व्हॉट्सॲप दोन बाण दाखवते आणि 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. अफवांना आळा बसावा म्हणून केलेली ही सोय. ग्रुपमध्ये दोन बाण म्हणजे गुणवत्तेची खूण समजतात, आणि एकेका ठिकाणी पाठवायला निवृत्त माणसाकडे वेळ असतोच.

काही सदस्य पुढे स्वतः गाऊ लागतात. कराओकेची अॅप्स आल्यापासून हे प्रमाण वाढले. ट्रॅक तयार असतो, ओळी पडद्यावर सरकतात आणि आवाजात घुमारा हवा तेवढा मिसळता येतो, म्हणून न्हाणीघरात गाणाऱ्यांना आता न्हाणीघराची गरज उरलेली नाही. अशा गायनाला दाद देणे बंधनकारक आहे. 'मूळ गायकाची आठवण झाली' हे वाक्य दोन्ही अर्थांनी वापरता येत असल्यामुळे सर्वाधिक चालते. त्याहून कठोर टीका एकच : काहीही न लिहिता लगेच खाली मूळ गाणे पाठवणे. तसे करणाऱ्याशी गायक सदस्य दिवाळीपर्यंत बोलत नाही.

फोनची जागा संपते तेव्हा ग्रुपचा संबंध पुढच्या पिढीशी येतो. नातू सुट्टीत घरी येतो, आजोबांच्या फोनमधील हजारो फाइली पाहतो, एकच गाणे अकरा वेळा साठवलेले दाखवतो आणि विचारतो, 'आबा, यातलं ऐकता कोणतं?' आबांच्या गाण्यांसाठी मुलाने 'सारेगामा कारवां' नावाची, पाच हजार गाणी आधीच भरलेली पेटी आणून दिलेली असते. तिचा उपयोग क्रोशाचे रुमाल टाकण्यासाठी उत्तम होतो. त्या पेटीत गाणी आहेत, पण पुढे पाठवायचे बटण नाही.

ग्रुपचा शेवट फुटीने होतो. 'फक्त गाणी, शुभ सकाळ नको, राजकारण नको' असा नियम मोडला गेला की शिस्तप्रिय गट बाहेर पडून 'फक्त गाणी' नावाचा ग्रुप काढतो. तिथे नाट्यगीत हे जुने गाणे धरावे की शास्त्रीय, यावर फूट पडते. तीन-चार फुटींनंतर असा ग्रुप उरतो जिथे मेसेज पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनला असते. तो रोज सात गाणी पाठवतो. वाद होत नाहीत. सदस्य आवाज बंद करून ठेवतात. त्यासाठी आठ तास, एक आठवडा आणि कायमचा असे पर्याय असतात, आणि पहिले दोन कोणी निवडल्याचे ऐकिवात नाही. 2022 पासून ग्रुप गुपचूप सोडण्याचीही सोय झाली आहे. सोडल्याची सूचना आता फक्त ॲडमिनला जाते. परंतु ॲडमिन हा बहुधा साडू, सोसायटीचा सेक्रेटरी किंवा पूर्वीचा साहेब असल्यामुळे ही सोय वापरात आलेली नाही.