बेस एकर : लागवड आणि मशागत

अमेरिकेच्या ग्रामीण काउंट्यांमध्ये मका, गहू आणि सोयाबीन यांखेरीज सरकारी अनुदान हे बारमाही पीक घेतले जाते. ते पावसाने कुजत नाही, त्याला कीड लागत नाही आणि पेरणी राहून गेली तरी उगवते. त्याचा व्यवहार काउंटीतल्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’च्या कार्यालयात होतो.

वाण 1933 सालचे. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा रूझवेल्ट सरकारने कमी पिकवणाऱ्याला पैसे द्यायचे ठरवले. त्या वर्षी उभ्या कपाशीवर नांगर फिरला आणि सुमारे 60 लाख डुकरे मारली गेली. न पिकवणे हाही जोडधंदा होऊ शकतो, हे शेतकऱ्याच्या ध्यानात आले ते तेव्हापासून.

या पिकाला जमीन लागते ती ‘बेस एकर’ची. पूर्वी कधीतरी तिथे ठरावीक पीक घेतल्याची दप्तरी नोंद असली की झाले. आज तिथे काय उभे आहे, हा प्रश्न गौण. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने 2006 साली टेक्सासमधल्या एल कॅम्पो भागाची पाहणी केली, तेव्हा जुन्या भातखाचरांचे ऐसपैस निवासी प्लॉट झालेले होते. भात गेला होता, भाताचे पैसे येत होते. 2000 सालापासून शेती न करणाऱ्यांच्या हाती असे 1.3 अब्ज डॉलर पडल्याचा हिशेब त्या पत्राने मांडला. ही थेट रक्कम 2014 च्या कायद्याने बंद झाली. बेस एकर जागच्या जागी राहिले.

त्याच कायद्याने काउंटीच्या सरासरी उत्पन्नावर आधारलेली योजना आणली. काउंटीचे उत्पन्न ठरवलेल्या पातळीच्या 90 टक्क्यांखाली (2025 च्या कायद्यापूर्वी 86) गेले की भरपाई सुरू. त्यामुळे काउंटी बुडाली तर कणगी भरलेल्यालाही पैसे मिळतात आणि काउंटी तरली तर एकट्या बुडालेल्याला या योजनेतून काही मिळत नाही.

लाभार्थी शेतीत ‘सक्रिय’ असावा लागतो. मात्र हात मातीत घालण्याची सक्ती नाही, व्यवस्थापन केले तरी भागते. माणशी वार्षिक मर्यादा 1,25,000 डॉलर होती. भागीदारीत ती प्रत्येक पात्र भागीदाराला स्वतंत्र मिळते. 2018 च्या कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत पुतणे, भाचे आणि चुलत-मावस भावंडेही आली. महाराष्ट्रात भाऊबंदकीने शेताचे तुकडे पडतात. अमेरिकेत तिने अनुदानाचा गुणाकार होतो.

हयात असणे इष्ट, पण अपरिहार्य नव्हे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने 2007 साली नोंदवले की 1999 ते 2005 या काळात 1,72,801 मृतांच्या नावे 1.1 अब्ज डॉलर वाटले गेले. मृताच्या मालमत्तेला दोन वर्षांपर्यंत लाभ घेण्याची मुभा नियमातच आहे. पण यांतले बरेच जण तीन वर्षे आणि त्याहून अधिक काळ मृत होते आणि तरीही खात्यावर चालू होते.

2025 च्या कायद्याने माणशी मर्यादा 1,55,000 डॉलर झाली आणि 3 कोटींपर्यंत नव्या बेस एकरांची सोय झाली. एवढ्या जमिनीसाठी कुठे जंगल तोडावे लागले नाही की पाणथळ बुजवावी लागली नाही. कायद्यातले एक कलम पुरले.