सीझनमधली गाडी

दिवाळी उरकली की परदेशातल्या भाचरांचे फोन येतात. तब्येतपाणी विचारून झालं की विषय गाडीच्या टायरांवर घसरतो. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर लावायचा कायदाच आहे. काच धुवायच्या पाण्यातसुद्धा ते गोठू नये म्हणून औषध घालावं लागतं. एवढं लांब कशाला, आपल्याच लडाखात डिझेल गोठतं म्हणून इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 अंशांतही वाहतं राहणारं डिझेल काढलं. आमच्या पलूसच्या पंपावर कुणी ते मागितलं, तर पंपावरचा पोरगा आधी मीटर शून्य करील आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडाचा वास घेईल.

आपली थंडी ती केवढी! पहाटे पारा दहा-बारावर आला की कानटोप्या निघतात, चौकात शेकोट्या पेटतात. गाडीला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. तरी बॅटरी म्हातारी असेल तर ती नेमकी याच दिवसांत दगा देते. गारठ्यानं तिच्या आतली क्रिया मंदावते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यामुळं स्टार्टरला जोरही जास्त लागतो. मग गल्लीतली चार पोरं आणि ‘धक्का स्टार्ट’. चाकातली हवाही उतरते. पाच-सहा अंश गारवा वाढला की साधारण एक पॉइंट कमी. मेकॅनिकच्या लेखी थंडीची तयारी इथं संपली.

त्याच्या यादीत न बसणारी पहिली गोष्ट म्हणजे उंदीर. इकडं ऊसतोड सुरू झाली, की वर्षभर फडात सुखानं नांदलेलं उंदराचं अख्खं खटलं बेघर होतं. अशा वेळी रात्री दारात उभी राहिलेली गाडी, तिचं कोमट बॉनेट आणि आत कुरतडायला मऊसूत वायरी! यावर गावात दोन उपाय चालतात. कुणी डांबरगोळ्या टाकतं, कुणी तंबाखूची पुडी बांधून ठेवतं. उंदीर तंबाखूला भितो की नाही, याबद्दल दुमत आहे. पण ड्रायव्हरची पुडी संपली की तो बॉनेट उघडतो, याबद्दल नाही.

दुसरी गोष्ट धुकं. कृष्णाकाठानं आमणापूर, भिलवडी, औदुंबरकडं पहाटे निघालात तर समोरचा रस्ता गिळून टाकल्यासारखा होतो. द्राक्षबागवाला धुकं दिसताच आधी दावण्या रोगाचं औषध आठवतो, गाडीवाला काच पुसायचं फडकं शोधतो. काच आतून धुरकटते ती आपल्याच श्वासानं. एसी लावला की हवेतला दमटपणा जातो आणि काच घटकेत लख्ख होते. सोबत हीटरचा खटका फिरवला तर हुडहुडीही भरत नाही. पण हे घरच्या आण्णांना कोण पटवणार? “आरं, थंडीत एसी लावून आमचा काय बर्फ करायचा हाय व्हय?” आण्णा मफलरची गाठ आवळतात, आणि गाडी पुढं, फडकं मागं-पुढं, असा प्रवास चालू राहतो.

मात्र या दिवसांत आमच्याकडं खरी कसोटी बघते ती उसाची ट्रॉली. आमच्या भागात हिवाळा येत नाही, ‘सीझन’ येतो. कुंडलच्या क्रांती कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यात अंगद गाड्या आणि बैलगाड्या. ट्रॉलीच्या मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. असलाच तर त्यावर लोंबणारं उसाचं वाढं. धुक्यात उसाचा तो डोंगर दिसतो तोवर ब्रेकला पाय पोचलेला बरा. गंमत अशी, की त्याच ट्रॅक्टरवर दोन भलेमोठे स्पीकर असतात. मागच्या दिव्याला वायर नाही, गाण्याला मात्र बॅटरीतला करंट भरपूर. त्यामुळं जाणते ड्रायव्हर धुक्यात काच थोडी खाली ठेवतात: ट्रॉली आधी ऐकू येते, मग दिसते. गाणं मोठं होत गेलं की समजायचं, अंतर संपत आलं. युरोपातल्या महागड्या गाड्यांत समोरचं वाहन ओळखणारं रडार असतं म्हणे. आपल्याकडं ते काम डीजेवर भागतं. पंचाईत एवढीच, की पंक्चर काढायला रस्त्यातच उभ्या केलेल्या ट्रॉलीत गाणं बंद असतं.

धुक्यात हेडलाइट अप्परवर टाकणारे बहाद्दरही कमी नाहीत. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोरून येणारा आंधळा होतो तो वेगळाच. लाइट डिपरवर हवी, वेग बैलगाडीला लाजवणार नाही इतपत हवा.

तेव्हा टायर बदलू नका, लडाखचं डिझेलही मागू नका. गाडीवाल्यांनी वायपरचं रबर तेवढं बघून घ्या. आणि ट्रॅक्टरवाल्या दादांनो, गाणी खुशाल लावा, आवाजही वाढवा. पण ट्रॉलीच्या मागं हातभर लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा, आणि वाढं त्याच्यावर येऊ देऊ नका.