चाळीस मिनिटांत काय ते वाजवा

रॉकचा अल्बम चाळीस मिनिटांचा असावा. पंचेचाळीसपर्यंत चालवून घेऊ. त्यापुढच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब बँडनं द्यायला हवा, आणि तो फार थोड्यांना देता आला आहे.

ज्यांना आपण क्लासिक म्हणतो त्यांची लांबी बघा. बीटल्सचा ‘रिव्हॉल्वर’ ३५ मिनिटं. बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ ३६. डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ ३७. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ४३. हा योगायोग नाही. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटंच नीट बसतात. त्याहून जास्त कोंबायला गेलं की खाचा एकमेकींना खेटतात, मग आवाज खाली आणावा लागतो, बेस कापावा लागतो. तबकडी बँडला एकच गोष्ट बजावत होती : निवडा.

शिवाय तबकडीला दोन बाजू होत्या, म्हणजे अल्बमला एक मध्यंतर होतं. ‘डार्क साइड’मध्ये गायिका क्लेअर टोरीचा आवाज विरत जातो, पहिली बाजू संपते, शांतता पसरते. आपण उठून तबकडी उलटतो आणि ‘मनी’मधली नाणी खणखणू लागतात. ‘लेड झेपलिन फोर’ची पहिली बाजू ‘स्टेअरवे टू हेवन’वर संपते, दुसरी ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’वर. हे क्रम विचार करून लावलेले आहेत. फोनवर गाण्याला गाणं चिकटवून ऐकणाऱ्याला यातलं निम्मं कळतच नाही.

आपल्याकडं तर हे माप कॅसेटमुळं अंगात मुरलेलं होतं. कुणाच्या तरी मामानं परदेशातून आणलेली एलपी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घ्यायची. एका बाजूला ‘मशीन हेड’, दुसऱ्या बाजूला ‘झेपलिन फोर’, आणि दोन्ही अख्खे बसायचे.

निवडणं म्हणजे काय, याचा माझ्या मते सर्वांत चांगला धडा पिंक फ्लॉइडनं दिला. १९७४ मध्ये ते मैफलींत तीन नवी लांबलचक गाणी वाजवत होते. त्यातलं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ वीस मिनिटांच्या वर. गिटारवादक डेव्हिड गिलमोरचं म्हणणं सरळ होतं : एका बाजूला ‘शाइन ऑन’, दुसऱ्या बाजूला उरलेली दोन, झाला अल्बम. बेसवादक रॉजर वॉटर्स अडून बसला. ‘शाइन ऑन’ दुभंगून एक भाग सुरुवातीला, एक शेवटाला ठेवू, मधे नवी गाणी लिहू आणि बाकीची दोन गाणी बाजूला ठेवू, असं तो म्हणाला. मैफलींत वाजवून पक्की झालेली, टाळ्या घेणारी गाणी बाजूला ठेवायला छाती लागते. त्यातून १९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’ झाला, पाच ट्रॅकचा, ४४ मिनिटांचा, एकही ओळ फुकट न गेलेला. बाजूला ठेवलेली दोन गाणी नव्यानं घडवली गेली आणि ‘डॉग्ज’ व ‘शीप’ या नावांनी १९७७ च्या ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये आली. एका नकारातून दोन अल्बम उभे राहिले.

आणि याच वॉटर्सनं १९७९ मध्ये ‘द वॉल’ केला. दोन तबकड्या, २६ गाणी, ८१ मिनिटं. आपल्याकडच्या कॉलेजांत फ्लॉइड म्हणजे ‘द वॉल’ असं समीकरण आहे, ते मला मान्य नाही. ‘हे यू’पासून ‘कम्फर्टेबली नम्ब’पर्यंतची तिसरी बाजू अप्रतिम आहे. चौथीवरचं ‘द ट्रायल’ हे नाटक आहे, आणि रंगमंचाशिवाय ते उघडं पडतं. ‘अ‍ॅनिमल्स’ ४१ मिनिटांत जो संताप पोचवतो, तो ‘वॉल’ला दुप्पट वेळ घेऊन पोचवता येत नाही.

बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’वर ३० गाणी आहेत. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना एकच पण जबरदस्त तबकडी हवी होती. त्यांचं ऐकायला हवं होतं. मी अपवाद एकच करीन, रोलिंग स्टोन्सचा १९७२ चा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’. तिथं पसारा हाच त्या संगीताचा स्वभाव आहे. छाटलं तर ते मरेल.

सीडी आली आणि लगाम सुटला. जागा आहे म्हणून भरायची, एवढाच विचार उरला. गन्स एन रोझेसनं १९९१ मध्ये एकाच दिवशी दोन अल्बम काढले, मिळून ३० गाणी, अडीच तास. त्यात एक विलक्षण अल्बम दडलेला आहे, पण तो शोधण्याचं काम त्यांनी आपल्यावर टाकलं. मेटॅलिकानं १९८४ मध्ये ‘राइड द लाइटनिंग’ आठ गाण्यांत संपवला होता. १९९६ च्या ‘लोड’वर त्यांनी सीडी इतकी ठासून भरली की शेवटच्या गाण्याचं शेपूट छाटावं लागलं. आधीची दोन गाणी काढली असती तर?

स्लेयरचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ जेमतेम २९ मिनिटांचा आहे. कॅसेटच्या एका बाजूत तो पुरा मावला, म्हणून दुसऱ्या बाजूला तोच पुन्हा भरला. थ्रॅश मेटलमध्ये त्याच्या पुढं कुणी गेलेलं नाही.

आता जुन्या अल्बमांना डिलक्स पेट्यांची सूज आली आहे. त्यात अभ्यासकाला खाऊ असतो, हे खरं. लेड झेपलिनच्या पेज आणि प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत इथल्या वादकांबरोबर ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ध्वनिमुद्रित केली होती. ती २०१५ मध्ये ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीतून बाहेर आली. जरूर ऐकावीत, मला फार आवडतात. पण मूळ अल्बम संपल्या क्षणी त्याच्या शेपटाला कच्चे टेक लागू नयेत. शेवटच्या गाण्यानंतरची शांतताही त्या अल्बमचीच असते.

पुण्या-मुंबईत पहिला अल्बम काढायला निघालेल्या पोरापोरींना माझं एकच सांगणं आहे. चौदा गाणी तयार असतील तर आठच घ्या. उरलेली सहा पुढच्या अल्बमला लागतील.