दोन मण्यांचे सर

कोणत्याही मराठी शाळेच्या शिक्षकखोलीत पाऊल टाका. गणिताचे सर कोणते आणि इतिहासाच्या बाई कोणत्या, हे विचारावं लागतं. स्काउट सर विचारावे लागत नाहीत. त्यांच्या खिशातून शिट्टीची दोरी बाहेर डोकावत असते. इतरांच्या खणात जुन्या उत्तरपत्रिका आणि खारे दाणे सापडतात. यांच्या खणात सुतळीचा गुंडा, मेणबत्ती, काडेपेटी, त्रिकोणी बँडेज आणि सेफ्टी पिनांची डबी. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटो, कुणाची साडी बाकाच्या खिळ्यात अडको, नाहीतर पाचवीतल्या एखाद्याचं डोकं खिडकीच्या गजात अडको, हाक यांनाच जाते. हजेरीपटावर त्यांचं रीतसर नाव असतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागतं. त्यांची पत्नीसुद्धा शाळेत फोन करते तेव्हा "स्काउट सर आहेत का?" असंच विचारते.

हा माणूस हस्तांदोलन डाव्या हातानं करतो. जगभरातले स्काउट तसंच करतात, पण जगभरातल्या स्काउटांना मराठी साखरपुड्याला जावं लागत नाही. भाचीच्या साखरपुड्यात सरांनी होणाऱ्या व्याह्यांपुढे डावा हात केला. व्याह्यांनी तो हात पाहिला, मग सरांचा उजवा हात जागेवर आहे ना ते पाहिलं. सर उत्साहानं सांगू लागले, "आफ्रिकेतले योद्धे डाव्या हातात ढाल धरायचे. ढाल खाली ठेवून तो हात पुढे करायचा, म्हणजे समोरच्यावर पूर्ण विश्वास!" व्याही म्हणाले, "असेल. आमच्याकडे डाव्या हातानं सुपारीसुद्धा देत नाहीत." लग्न ठरलं होतं तसं झालं, पण पंगतीत वाढायला सरांना कुणी उठू दिलं नाही.

असा माणूस जन्माला येत नाही, तो नेमला जातो. जून महिन्यात शाळा उघडली की कामांच्या वाटपाची बैठक होते. वाचनालय ज्येष्ठ बाईंकडे जातं, कारण तिथे पंखा आहे. पोषण आहार हिशेबाला पक्क्या माणसाकडे. सांस्कृतिक विभागासाठी तिघं भांडत असतात. स्काउट मात्र कुणालाच नको असतं. शेवटी ते अशा एका तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडतं, जो त्या वेळी सगळ्यांचा चहा सांगायला बाहेर गेलेला असतो. नवा लागलेला शिक्षणसेवक असला तर फारच उत्तम, कारण त्याला नाही म्हणायची सोय नसते. मुख्याध्यापक म्हणतात, "ही स्वयंसेवा आहे. जबरदस्ती मुळीच नाही. तुम्ही स्वेच्छेनं तयार आहात, असं पत्र टाइप करून ठेवलंय. सही तेवढी करा."

मग या स्वेच्छेच्या माणसाला सात दिवसांच्या बेसिक कोर्सला धाडतात. तिथे जाईपर्यंत त्याची समजूत अशी असते की हॉलमध्ये खुर्च्या असतील, भाषणं होतील, आपण मागच्या रांगेत बसून पेंगू. तिथे गेल्यावर कळतं की खुर्चीच नाही. मैदान आहे, तंबू आहे, आणि एक निवृत्त गृहस्थ आहेत. केस पांढरे, पाठ ताठ, गळ्यात रुमाल, आणि शिट्टीचा आवाज पंचक्रोशीत जाईल असा.

प्रौढ माणसाला शिकवायची या चळवळीची रीत मोठी धूर्त आहे. ती त्याला समजावत बसत नाही, सरळ मुलगा करून टाकते. सहा-आठ जणांचा एक संघ. त्याला एखाद्या प्राण्याचं किंवा पक्ष्याचं नाव, संघाची आरोळी, संघाचा झेंडा. चाळिशीतले पोट सुटलेले भूगोलाचे शिक्षक पहाटे मैदानात उभे राहून वाघासारखी डरकाळी फोडतात आणि "आवाज कमी पडला, पुन्हा!" असं ऐकून घेतात. मग बी. पी. सिक्स, म्हणजे चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी सांगितलेले सहा व्यायाम. त्यातल्या पायाचे अंगठे धरायच्या प्रकारात बऱ्याच जणांचे अंगठे लग्नानंतर प्रथमच त्यांच्या नजरेला पडतात. मग तपासणी. अंथरुणाची घडी, ताट, वाटी, दोरी, सगळं ओळीत. वर्षानुवर्षं मुलांच्या नखांवर पट्टी मारलेला माणूस हात पुढे करून उभा असतो आणि शिबिरप्रमुख शांतपणे म्हणतात, "करंगळी."

दुपारी बांबू आणि दोरी देतात. एकही खिळा न ठोकता चपलांचं स्टँड करायचं, भांड्यांची मांडणी करायची, टॉवेल वाळत घालायची सोय करायची. इथेच सरांना क्लोव्ह हिच नावाची गाठ येते. दोरीचा एक वेढा बांबूभोवती, दुसरा पहिल्याला ओलांडून, टोक त्याच वेढ्याखालून बाहेर, आणि ओढ. पाचव्या प्रयत्नाला ती बसली की माणूस जरा वेळ तिच्याकडे बघत राहतो. डी.एड., बी.एड. सगळं झालेलं असतं, पण आपण केलेली एखादी गोष्ट ओढून बघता येते आणि ती सुटत नाही, हा अनुभव शिक्षकाच्या नोकरीत दुर्मिळ आहे.

खरी गंमत संध्याकाळी होते. ओल्या लाकडावर चूल पेटत नसते. सर डोळे चोळत फुंकर घालत असतात. घरी गॅसही पत्नीच लावते. अखेर जाळ होतो, पिठलं होतं, त्यात गुठळ्याही होतात. शेकोटीच्या वेळी शिबिरप्रमुख सर्वांसमोर सांगतात, "आज ओल्या लाकडावर चूल पेटवल्याबद्दल यांच्यासाठी पाऊस टाळी." एक बोट तळव्यावर, मग दोन, तीन, चार, मग सगळा हात, थेंबथेंब सुरू झालेला पाऊस धो-धो होतो आणि हळूहळू ओसरतो. नोकरीला लागल्यापासून सरांना खुलासापत्रं मिळाली होती, परिपत्रकं मिळाली होती, एकदा चुकून दुसऱ्याचं अभिनंदनपत्रही मिळालं होतं. टाळी कधी मिळाली नव्हती. त्या पावसात माणूस जो भिजतो, तो पुन्हा कोरडा होत नाही.

पुढचं सगळं ओघानंच येतं. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स होतो, मग हिमालय वुड बॅजचे वेध लागतात. नाव हिमालयाचं असलं तरी सर जातात सातपुड्यात. पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. पिपरिया स्टेशनवर उतरायचं आणि जीपनं घाट चढायचा. "हिल स्टेशनला एकटेच निघालात?" असा घरून प्रश्न आलाच. पुढे त्यांनी कुटुंबाला पचमढी दाखवली, नाही असं नाही. धूपगडचा सूर्यास्त राहिला, पण आपला तंबू जिथे होता ती जागा मुलांना तिन्ही बाजूंनी दाखवली.

तिथून परतताना गळ्यात चामड्याची वादी आली आणि वादीला लाकडाचे दोन मणी. पत्नीनं निरखून पाहिलं. म्हणाली, "माझ्या गळ्यात दोन वाट्या, तुमच्या गळ्यात दोन मणी. चला, तुमचंही लग्न एकदाचं लागलं. माहेर कुठलं म्हणायचं?"

माहेर इंग्लंडचं. १९१९ साली लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये स्काउटमास्तरांचा पहिला वर्ग भरला. तो पुरा करणाऱ्यांना काय द्यायचं, असा प्रश्न बेडन-पॉवेलपुढे होता. त्यांच्यापाशी दक्षिण आफ्रिकेतून आणलेली लाकडी मण्यांची माळ होती. झुलू राजा दिनुझुलूची म्हणून ती सांगितली जाते. त्यातले मणी त्यांनी वाटले. ही कथा सर जो भेटेल त्याला सांगतात. एकदा इतिहासाच्या बाईंना सांगितली. बाई वह्या तपासतच होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "म्हणजे ती माळ राजानं स्वतः दिली, की यांनी घेतली?" सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "माझे मणी नवे कोरलेले आहेत." शिक्षकखोलीत त्या दिवसापासून मण्यांचा इतिहास निघाला नाही.

बाकीचा मात्र निघतो. ७ नोव्हेंबर जवळ आला की आम्ही सहकारी त्यांना चुकवून मागच्या जिन्यानं उतरतो. १९५० साली त्या दिवशी देशातल्या निरनिराळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स झालं. गाइड पुढच्या वर्षी सामील झाल्या. आम्हाला याचं काही वावडं नाही. भीती असते ती झेंडा दिनाच्या स्टिकरांची. सर समोर उभे राहतात, स्टिकर आपल्या खिशावर चिकटवतात आणि डबा वाजवतात. २२ फेब्रुवारीला बेडन-पॉवेलच्या जन्मदिनी चिंतन दिन असतो. चिंतनाला वर्गणी नाही, म्हणून त्या दिवशी उपस्थिती चांगली.

आता त्यांच्या गौरवाविषयी. मुलांसाठी या चळवळीत सगळं पायरीपायरीनं आखलेलं आहे. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. अमुक गाठी आल्या, अमुक प्रथमोपचार आला, की छातीवर अमुक चिन्ह. मोठ्यांसाठी शाळेकडे एकच चिन्ह आहे: आणखी काम. सरांनी प्रजासत्ताक दिनाचं संचलन नीट केलं, म्हणून गणपती विसर्जनाला गर्दी आवरायला त्यांची मुलं. विसर्जन नीट झालं, म्हणून स्नेहसंमेलनाच्या सतरंज्या. सहलीला जीपच्या टपावर बॅगा बांधल्या त्या सरांनीच. क्लीनरनं बांधलेली दोरी सोडून त्यांनी आपल्या पद्धतीनं बांधली आणि घाटात एक पिशवी हलली नाही. मुक्कामी पोचल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "वा, काय बांधलंय! आता सोडायलाही तुम्हीच चढा, आम्हाला जमायचं नाही." आम्ही चहा पीत होतो आणि सर टपावर होते.

संघटनेकडे पदकं आहेत हो. दीर्घ सेवेचं आहे, मेडल ऑफ मेरिट आहे, सिल्व्हर स्टार आहे आणि सर्वांत वर सिल्व्हर एलिफंट. एकदा आम्हीच म्हटलं, सरांचा प्रस्ताव पाठवू या. मुख्याध्यापकांनी आनंदानं होकार दिला आणि प्रस्ताव लिहायचं काम सरांकडे सोपवलं. आपण किती निःस्वार्थी आहोत याचा पुरावा सरांनी फोटो आणि कात्रणांसह तीन प्रतींत तयार केला. "अत्यंत विनम्र स्वभाव" हे शब्द स्वतःविषयी लिहिताना पेन अडलं, म्हणून ते त्यांनी खोडले. शाळेच्या लेखनिकानं पदक म्हणजे क्रीडा, असं समजून फाइल क्रीडा विभागाच्या कपाटात ठेवली. ती तिथे डंबेल्सखाली अजून असावी. सरांनी चौकशी केली नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की फाइलला लावलेली चांगली सुतळी परत मिळेल का.

पण प्रशिक्षणानं या माणसात नेमकं काय घडवलं, ते पाहायचं असेल तर शिबिरात त्यांच्या मागे उभं राहावं. सातवीतला संघनायक चूल पेटवत असतो. लाकडं उलटी रचलेली, वारा समोरून, काडेपेटीतल्या काड्या संपत आलेल्या. कुठलाही शिक्षक, कुठलाही बाप अशा वेळी "सरक बाजूला" म्हणून पुढे होईल. स्काउट सरांचे दोन्ही हात पाठीमागे असतात. डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलेलं. चेहरा प्रसन्न, मनगट लाल. पोरगा वर बघतो, "सर, पेटत नाही." सर म्हणतात, "वारा कुठून येतोय?" आणि पुन्हा गप्प. काही वेळानं तो पोरगा चूल फिरवतो. या गप्प बसण्यासाठी ते सात दिवस, तो बांबू, ती डरकाळी आणि ते गुठळ्यांचं पिठलं होतं. गाठी बाजारातल्या पुस्तकातही मिळतात. पोरांच्या चुलीत हात न घालणं मोठ्या माणसाला शिकवावं लागतं, आणि ते तो लहान होऊनच शिकतो. वीसेक मुलं घेऊन १९०७ साली बेडन-पॉवेलनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं, तेव्हाही मुलांचे संघ पाडून कारभार त्यांच्यावरच टाकला होता. पालक मात्र येऊन एकच विचारतात, "सर, याचे दहावीला मार्क मिळतात ना?"

यथावकाश सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. संस्थेच्या अध्यक्षांनी भाषणात तीनदा त्यांचा उल्लेख एन.सी.सी.चे आधारस्तंभ असा केला. सर उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले, "सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्या आपल्या शिपाईमामांसाठी पाऊस टाळी." अध्यक्षांना एका बोटापासून सुरुवात करावी लागली. मामा दाराशी उभे होते. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, टाळी आणखी कुणासाठी आहे की काय.

तेवढ्यात मांडवाचा एक कोपरा वाऱ्यानं खाली आला. सगळे वर बघत राहिले. शेवटच्या रांगेतला नवा शिक्षणसेवक उठला, खांब धरला, सुटलेली दोरी पकडली आणि कशीतरी गाठ मारू लागला. गाठ साफ चुकीची होती. सरांचे हात आपोआप पाठीमागे गेले. त्यांनी ती चुकू दिली, सुटू दिली, दुसऱ्यांदा बसू दिली. मग व्यासपीठावरून उतरून ते त्याच्यापाशी गेले. "शनिवारी सकाळी मोकळे आहात का?"

आम्ही मागून हातवारे करून त्याला "नाही म्हण" असं सुचवत होतो. तो म्हणाला, "हो सर, पण ही घट्ट कशी बसवायची ते आत्ताच दाखवा ना."

मुख्याध्यापकांनी लगोलग लेखनिकाला स्वेच्छेचं पत्र टाइप करायला सांगितलं. त्या कागदावरचा मजकूर खरा निघण्याची शाळेच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ.