तंबोरा म्हणजे गोंगाट?

एप्रिल 2020, करोनाची टाळेबंदी. ऑनलाइन शिकवणीला तंबोरा लावून बसले. मोजून दहा सेकंदांत पलीकडून गुरुजींनी विचारलं, “तंबोरा का थांबवलास?” मी थांबवला नव्हता. मीटिंगच्या सॉफ्टवेअरनं तो पुसून टाकला होता. एकसारखा, न थांबता येणारा आवाज म्हणजे पंखा, मिक्सर किंवा रहदारी, एवढंच त्याला कळत होतं. आमचा षड्ज त्याच्या हिशेबी पंख्यात जमा.

मला त्या सॉफ्टवेअरचा राग नाही. ते सभेसाठी बनलं होतं. सभेत एकानं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. म्हणून दोघांचा आवाज एकदम आला की ते एकाचा दाबतं. गायक आणि तबलावादक एकाच वेळी बोलतात, तेव्हाच गाणं होतं. राग आहे तो याचा, की ज्यांना हे कळायला हवं होतं त्या रसिकांनी आणि आयोजकांनीही साथीला असंच पुसलं.

आधी अडचण नीट समजून घेऊ, कारण ‘नेट स्लो आहे’ म्हणून ती झटकली जाते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. बैठकीत तबला गायकापासून दीड मीटरवर असतो, म्हणजे ठेका कानी यायला चार-पाच मिलिसेकंद लागतात. व्हिडिओ कॉलवर दीडशे-दोनशे सहज लागतात. दोनशे धरले तर तबला जवळजवळ 70 मीटर लांब जाऊन बसला. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा 250 मिलिसेकंदांची असते. समेवर यायचं तरी कुणाच्या? गायक तबल्यासाठी थांबतो, तबला गायकासाठी, आणि बघता बघता द्रुताचा मध्य होतो.

यावर जगानं काढलेला तोडगा म्हणजे पडद्यावरचे चौकोन. प्रत्येकानं कानात क्लिक ट्रॅकची टिकटिक घेऊन एकट्यानं वाजवायचं, फाइल पाठवायची, संकलकानं शिवायची. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकर हे 2010 पासून करत होता. जुलै 2020 मध्ये आलेल्या त्याच्या ‘सिंग जेन्टली’त 129 देशांतले 17,572 गायक होते. घरात कोंडलेल्या माणसांना त्यातून धीर मिळाला, मलाही मिळाला. पण एकानं जागा घेतली म्हणून दुसऱ्याचा ठेका हलला, असं तिथे घडूच शकत नाही. मग आपल्याकडच्या तसल्याच व्हिडिओंना ‘जुगलबंदी’ का म्हणायचं? जुळवणी म्हणा.

खरी साथ घरून शक्य होती का? बऱ्याच अंशी होती. पुणे-मुंबई अंतर फायबरमधून प्रकाश जेमतेम एका मिलिसेकंदात कापतो. उशीर होतो तो वायफायमध्ये, बफरमध्ये, ब्लूटूथ हेडफोनमध्ये. जॅमुलस, जॅकट्रिप ही मोफत साधनं याचसाठी बनलेली आणि टाळेबंदीच्या कितीतरी आधीपासून होती. चित्र सोडायचं, आवाज तेवढा धरायचा. लॅन केबल, तारेचे हेडफोन, साधा ऑडिओ इंटरफेस एवढं जमलं आणि सर्व्हर जवळचा मिळाला, की उशीर तीस मिलिसेकंदांच्या आसपास आणता येतो. म्हणजे दहा मीटरवरचा तबला. मोठ्या रंगमंचावरची माणसं तेवढ्यात निभावतात. विलंबित ख्याल तर आरामात होतो.

पण इंटरफेसला पैसे लागतात, आणि ते साथीदाराला देणं कुणाला सुचलं नाही. त्याऐवजी अॅपवरचा ठेका आला. मी पाहिलेल्या कितीतरी ‘ऑनलाइन मैफलीं’त गायक एकटा, शेजारी मोबाइल. विद्यार्थ्यानं रियाझाला अॅप लावावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिकीट लावून मैफल करायची आणि तबलावादकाला घरी बसवायचं? गायकाचं नाव पोस्टरवर असतं. संवादिनी आणि तबला महिन्याच्या चार कार्यक्रमांवर घर चालवतात. पुण्यातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव 2020 आणि 2021, दोन्ही वर्षं झाला नाही, 2022च्या डिसेंबरमध्ये परतला. गावोगावच्या छोट्या बैठकांचं तर नावही कुणी घेतलं नाही. त्या काळात साथीदारांनी काय केलं, हे आपण विचारलं का?

माझ्या ओळखीच्या एका तबलावादकानं तेव्हा घरातल्या गाद्या भिंतीला लावून झपतालाचा ठेका रेकॉर्ड करून दिला होता. एका कार्यक्रमासाठी, एकदाच. पुढे तोच ठेका त्यांना तीन वेगवेगळ्या गायकांच्या व्हिडिओंत ऐकू आला. पैसे एकदाचेच मिळाले, नाव एकाही व्हिडिओत नव्हतं. त्यांना पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली होती. “त्यातल्या दोघांचं गाणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही,” ते म्हणाले, “आणि त्यांच्या साथीला मी आहे.”

घरून रेकॉर्ड केलेली साथ मागायची सवय टाळेबंदी संपली तरी गेलेली नाही. मागा. पण वादकाचं नाव, प्रत्येक वापराचं मानधन आणि गायकाचा आवाज, तिन्ही आधी पाठवा.