घमेलं आणा, बॅनर नको

पुराचं पाणी ओसरलं की गावावर दुसरा लोंढा येतो, तो मदत करणाऱ्यांचा. पहिल्याची निदान हवामान खातं वर्दी देतं. दुसरा थेट दारात येऊन विचारतो, "काका, टॉयलेट कुठंय?"

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली आणि पाठोपाठ पुण्यातून आमच्या गणेश मंडळाची पोरंही तिकडे निघाली. बरोबर कुणीतरी मोठं माणूस हवं, ही त्यांच्या आयांची अट. पन्नाशी उलटूनही गुडघे शाबूत असलेला मंडळात मी एकटाच, म्हणून माझी वर्णी लागली.

निघण्याआधी रीतसर बैठक झाली. बॅनरवर 'मदतीचा हात' लिहायचं की 'एक हात मदतीचा', यावर रात्री अकरापर्यंत खडाजंगी चालली. हात दोन्हीकडे एकच होता. मग टी-शर्टाचा रंग ठरला. फावड्यांचा विषय कुणी काढलाच नाही. टेम्पोत पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे खोके आणि जुन्या कपड्यांची गाठोडी चढली. त्यातल्या एका गाठोड्यात जरीची शेरवानी होती. पूरग्रस्ताचं लग्न ठरलंच तर अडायला नको, एवढाच दात्याचा हेतू असावा.

आम्हाला एक किराणा दुकान नेमून मिळालं. पाणी पार पोटमाळ्याला टेकून गेलेलं. फ्रीज तरंगत तरंगत गल्ल्यावर जाऊन उताणा पडला होता. तांदळाची पोती फुगून फाटली होती आणि आंबलेल्या तांदळाचा वास डिझेलच्या वासात मिसळून नाकात बसत होता. गाळ वरून सुकून भेगाळलेला, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. एका उत्साही कार्यकर्त्यानं लगेच पाण्याचा पाइप उचलला.

"पाणी नको रे बाबा," मालक म्हणाले, "पाणी बघून झालंय आमचं."

मग त्यांनी शिकवलं. आधी आतल्या खोलीपासून दाराकडे खोऱ्यानं गाळ ओढायचा, घमेल्यानं बाहेर काढायचा, धुणं सगळ्यात शेवटी. खोरी त्यांची, घमेली शेजाऱ्यांची, बिस्किटं आमची. बिस्किटं मात्र गावात इतकी आली होती की कुत्रीसुद्धा तोंड फिरवत होती. पोरांनी साखळी धरली. करोनामुळे आदल्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक निघाली नव्हती, त्यामुळे ढोल वाजवणारे खांदे वर्षभर मोकळे होते. घमेली ठेक्यात सरकू लागली. समोरचं दुकान दुसऱ्या गावच्या मंडळाकडे होतं. दोघांचा गाळ भर रस्त्यात एकत्र आला आणि ढीग कुणाचा मोठा, यावर चुरस लागली.

गाळातून उधारीची वही निघाली. पानांवरची शाई पार धुऊन गेलेली. मालकांनी ती उन्हाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "सरकारची मदत यायची तेव्हा येईल. उधारवाल्यांना मात्र नदीनं परस्पर देऊन टाकली."

चहाच्या वेळी मी पुराचं कारण विचारलं. कोयना धरणाच्या पाण्यावर वीज तयार झाली की ते पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरून वाशिष्ठीला मिळतं. मालकांनी हिशेब एका दमात मांडला: "पाऊस आमचा, भरती आमची, गाळ आमचा. वीज तेवढी सगळ्या महाराष्ट्राची." पुढं सांगू लागले, एसटी आगारातली माणसं रोकड सांभाळत तासन्‌तास बसच्या टपावर बसून होती. पोरं गलबलली. मग एकानं हळूच विचारलं, "काका, ती बस कुठं उभी असते?" मोबाइल त्याच्या हातात तयारच होता.

दुपारी मालकीणबाईंनी वरच्या मजल्यावर कुणाचीतरी शेगडी मागून आणून आम्हाला पिठलं-भात वाढला. म्हणजे ज्यांचं किराणा दुकान वाहून गेलं, त्यांच्या घरी आम्ही दोनदोनदा भात मागून घेतला.

परतताना लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरावरून गेलो. १८६४ सालचं वाचनालय. हजारो पुस्तकं भिजलेली. तिथं मात्र घोषणा द्यायचं कुणाला सुचलं नाही. बॅनर टेम्पोतच राहिला होता, तो शेवटी चिखलाची खोरी पुसायला कामी आला. या दौऱ्यात त्याचा एवढाच काय तो उपयोग झाला.

तेव्हा असं कुठं जाणार असाल तर आधी फोन करून काय हवंय ते विचारा. खोरं, घमेलं, खराटा, गमबूट, फिनेल न्या आणि आपला डबा आपण बांधून न्या. वायरिंग जाणणारा किंवा भिजलेली मोटर उघडता येणारा एक पोरगा बरोबर असला, तर तो दहा घोषणावाल्यांना भारी पडतो. आणि मुख्य म्हणजे दुकानांची शटरं पुन्हा वर गेली की दिवाळीच्या सुमारास परत जा, गिऱ्हाईक म्हणून. साबण घ्या, कोकम घ्या, काजू घ्या. पैसे मात्र रोख द्या.