अहो, उचलणार कोण?

१९८२ चं एशियाड दिल्लीत भरलं, पण शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईला न्याव्या लागल्या. तरीही नौदलातून निवृत्त झालेल्या आमच्या काकांनी नोएडाच्या सोसायटीत होडीच्या मोटारीचा विषय काढला, तेव्हा 'मला त्यातलं कळत नाही' असं म्हणणारा एकही निघाला नाही. जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरवर गेली, तेव्हा सगळ्यांनी टीव्हीवर एनडीआरएफच्या रबरी बोटी पाहिल्या होत्या. तेवढा अनुभव पुरतो.

काकांची शिडाची होडी गोव्यात नांगरलेली असते. तिथून धक्क्यापर्यंत ये-जा करायला हवा भरायची डिंगी, जेमतेम अडीच मीटरची. तिच्या मागे लटकवायला मोटार हवी होती.

"दस हॉर्सपॉवर तो होना ही चाहिए," एसयूव्हीवाले शेजारी म्हणाले. दहाच्या इंजिनाचं वजन चाळीस किलोंच्या घरात जातं, आणि एवढ्याशा डिंगीला ते झेपतही नाही. अडीच हॉर्सपॉवरवर दोन माणसं ताशी सहा-सात किलोमीटरने आरामात जातात. धक्का दोनशे मीटरवर असताना आणखी घाई कशाला? "देती कितना है?" हा पुढचा प्रश्न. लिटरभराची टाकी, पूर्ण जोरात साधारण तासभर. शेजाऱ्यांचा चेहरा पडला. टू-स्ट्रोक इंजिन हलकं असतं, पण नोव्हेंबरातल्या दिल्लीत त्याच्या धुराचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही.

अशी मागे लटकणारी आउटबोर्ड मोटार लोकप्रिय केली ती १९०९ पासून ओल इव्हिनरूड यांनी. म्हणे, प्रेयसीसाठी वल्हवत आणलेलं आइस्क्रीम वाटेतच वितळलं, म्हणून ही खटपट. या यंत्राच्या मुळाशीच बाईमाणसाची फर्माईश आहे, हे काका विसरले होते.

होडीशी पोचल्यावर मोटार डिंगीतून काढून वर डेकवर द्यावी लागते. त्याची तालीम म्हणून काकूंनी काकांना पाटावर बसवलं, ती डिंगी. स्वतः सोफ्यावर उभ्या राहिल्या, ते होडीचं डेक. मग दहा किलो आटा, पाच किलो तांदूळ आणि दोन किलो साखर एका गोणीत भरून म्हणाल्या, "अहो, द्या वर." अडीचच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचं वजन एवढंच, सतरा किलो. काकांनी गोणी कमरेपर्यंत आणली आणि पाट सरकला. खऱ्या डिंगीत तर खालचं पाणीही हलतं.

शेवटी इलेक्ट्रिक ठरली. एकूण वजन जवळपास तेवढंच, पण बॅटरी निघते, दोन खेपांत वर चढते. नाक्यावरच्या ई-रिक्षावाल्याने आपल्या जुन्या बॅटऱ्या देऊ केल्या होत्या. त्या चारही चढवल्या असत्या तर डिंगी जागीच बसली असती.

मग कळलं की, विमानात प्रवाशाला १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि ही हजाराच्या आसपासची. म्हणजे खरेदी गोव्यातच. काकांनी तिथल्या दुकानदाराला फोन लावला.

"दहाचं देऊ?" पलीकडून आवाज आला.

काकूंनी फोन काढून घेतला.